विनातिकीट प्रवासी

सॅन फ्रान्सिस्कोचा गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेला गेलं की मरिन काउंटी लागते. तिथला माउंट टॅमलपायस हा डोंगर उंचीनं आपल्या कळसूबाईच्या निम्माही नाही, पण सायकलच्या इतिहासात त्याचं नाव मोठं आहे. १९७० च्या दशकात या भागातल्या काही तरुणांनी जुन्यापान्या, जाड टायरच्या सायकली शोधून काढल्या, ठोकूनठाकून दुरुस्त केल्या आणि वणवा विझवणाऱ्या गाड्यांसाठी आखलेल्या कच्च्या रस्त्यांवरून सुसाट खाली सोडल्या. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळ 'रीपॅक' नावाची त्यांची पहिली शर्यत झाली. उतार असा, की मागच्या हबमधल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जायचं आणि खाली पोचल्यावर ते नव्यानं भरावं लागायचं. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्या टोळक्यातली नावं. माउंटन बाइक नावाचा धंदा आणि छंद जगभर पोचला तो इथून.

त्याच डोंगराच्या पायथ्याशी, मिल व्हॅली गावात, १९९५ च्या सुमारास टॅनओकची झाडं मरू लागली. खोडातून गडद रस झिरपायचा आणि बघता बघता हिरवागार माथा तपकिरी होऊन झाड उभ्या उभ्या वाळायचं. लोक त्याला 'सडन ओक डेथ' म्हणू लागले. पाच वर्षं नेमकं कारण हाती लागत नव्हतं. २००० मध्ये डेव्हिड रिझो आणि मॅटेओ गार्बेलोटो या वनस्पतिरोगतज्ज्ञांनी गुन्हेगार पकडला. जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये नर्सरीतल्या ऱ्होडोडेन्ड्रॉनवर सापडलेला जीव आणि हा, दोन्ही एकच निघाले. २००१ मध्ये त्याचं रीतसर बारसं झालं: फायटोफ्थोरा रॅमोरम. कॅलिफोर्निया आणि ओरेगनमधली लाखो झाडं त्यानं आजवर संपवली आहेत.

माउंटन बाइकनं हा रोग मरिनमध्ये आणला असं कोणी म्हणत नाही. तो आला शोभेच्या रोपांच्या व्यापारातून. दोन्ही गोष्टींची सुरुवात एकाच डोंगराच्या परिसरात व्हावी हा योगायोगच. पण एकदा आलेला रोग या खोऱ्यातून त्या खोऱ्यात कोण नेतं, याची चौकशी सुरू झाली तेव्हा पाऊस, वारा, ओढे या संशयितांच्या रांगेत माणसाचे बूट आणि चाकंही येऊन उभी राहिली. कॅलिफोर्नियात पाऊस हिवाळ्यात पडतो. त्या ओल्या दिवसांत पायवाटांवर फिरणाऱ्या लोकांच्या बुटांचा चिखल संशोधकांनी खरवडून तपासला, तर त्यात हा जीव जिवंत सापडला. चिखल बुटाला लागला काय नि टायरला लागला काय, आतल्या प्रवाशाला फरक पडत नाही. टायरवर जागा मात्र जास्त असते.

हा प्रवासी दिसायला बुरशीसारखा आहे. शेतकरी त्याला बुरशीच म्हणतो. वंशावळ पाहिली तर मात्र त्याचे भाऊबंद समुद्रातली तपकिरी शेवाळं आणि डायटम हे आहेत. पाण्याशी असलेलं नातं त्यानं अजून तोडलेलं नाही. त्याचे एका प्रकारचे बीजाणू दोन शेपट्या हलवत चक्क पोहतात. त्यासाठी नदीनाल्याची गरज नाही, मातीच्या कणांमधलं पाणी पुरतं. मुळांतून पाझरणाऱ्या रसायनांचा माग काढत ते मुळाला जाऊन चिकटतात. दुसऱ्या प्रकारचे बीजाणू जाड भिंतीचे. त्यांना घाई नसते. ओल नाही, खाद्य नाही, तरी ते मातीत पडून राहतात, काही जातींमध्ये तर वर्षानुवर्षं, आणि पुन्हा पाऊस पडला की जागे होतात.

महाराष्ट्राला हे घराणं अनोळखी नाही. नागपुरी संत्र्याच्या बुंध्यातून डिंक गळू लागला की विदर्भातला बागायतदार 'डिंक्या आला' म्हणतो आणि पावसाळ्याच्या तोंडाशी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट खोडाला फासतो. बटाट्यावरचा उशिरा येणारा करपा, कोकण-गोव्यातल्या सुपारीचा कोळेरोग, हीसुद्धा फायटोफ्थोराच्या निरनिराळ्या जातींची करणी. पण बाग ही बाग असते. तिथे मालकाची रोज चक्कर होते, दोन झाडं बिघडली तर चार दिवसांत कळतं, औषध मारता येतं. हजारो एकर जंगलाच्या बुंध्यांना पेस्ट कोण लावणार?

वेल्समध्ये हा प्रश्न फार रोकडा होऊन समोर आला. दक्षिण वेल्सच्या दऱ्यांमध्ये एकेकाळी कोळशाच्या खाणी होत्या. खाणी बंद पडल्या, उतारांवर लावलेली सूचिपर्णी जंगलं वाढली आणि त्यांतून सायकलच्या वाटा निघाल्या. अफान आणि कुमकार्न ही नावं ब्रिटनभरच्या सायकलस्वारांच्या तोंडी झाली. सुट्टीच्या दिवशी गाड्यांच्या टपांवर सायकली लादून माणसं यायची, गावातल्या चहा-नाश्त्याच्या दुकानांना धंदा मिळायचा. या जंगलांत लार्च भरपूर. लार्च सूचिपर्णी असूनही पानगळ करतो, आणि गळण्याआधी सगळा डोंगर सोनेरी करून टाकतो.

२००९ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य भागात जपानी लार्चवर रॅमोरम सापडला. तोवर ब्रिटनमध्ये तो मुख्यतः बागेतल्या आणि रानात माजलेल्या ऱ्होडोडेन्ड्रॉनचा रोग समजला जात होता. व्यापारी लागवडीतला सूचिपर्णी वृक्ष त्याला इतका सहज बळी पडेल याची कल्पना नव्हती. २०१० मध्ये तो वेल्समध्ये निघाला. लार्चच्या सुयांवर हा जीव अतोनात बीजाणू तयार करतो आणि उंच शेंड्यावरून पाऊस-धुक्याबरोबर ते सगळीकडे सांडतात. लागण झालेलं झाड बरं करणारं औषध नाही. सरकारी नोटीस निघते आणि लागण झालेली झाडं तोडावीच लागतात. हेलिकॉप्टरमधून पाहणी करून कुठल्या उतारावर माथे तांबूस झालेत ते टिपायचं आणि खाली करवती लावायच्या, असा क्रम सुरू झाला. कुमकार्नमधला सात मैलांचा प्रसिद्ध फॉरेस्ट ड्राइव्ह नोव्हेंबर २०१४ मध्ये बंद झाला. दीड लाखाहून जास्त लार्च तोडले गेले. रस्ता पूर्णपणे खुला व्हायला जून २०२१ उजाडला. सायकलच्या वाटांनाही या तोडणीचा फटका बसला. काही बंद झाल्या, काही वळवल्या, आणि ज्या राहिल्या त्यांच्या दोन्ही बाजूंना सावलीऐवजी बुंधे उरले.

इथे सायकलवाल्यांच्या बाजूनं एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. लार्चचा रोग मुख्यतः वरून, हवेतल्या ओलाव्यातून फिरतो. कुमकार्नच्या दीड लाख झाडांचा हिशोब चाकांच्या नावावर मांडणं अन्याय होईल. ॲश वृक्षांच्या मरीचंही तसंच. ब्रिटनमध्ये ती २०१२ मध्ये बाहेरून आणलेल्या रोपांवर सापडली. तिचे बीजाणू वाऱ्यावर उडतात आणि कितीही सायकली धुतल्या तरी त्यांचं उड्डाण थांबणार नाही. हे लपवून 'सगळा दोष तुमचा' असा सूर लावला की सायकलस्वार पाटी वाचायचंच सोडून देतो, आणि त्याचं फारसं चुकतही नाही.

मग चाकाचा वाटा किती? दोन ठिकाणी तो मोठा आहे. एक म्हणजे मुळांवर जगणाऱ्या जाती. त्या हवेतून फारशा जात नाहीत, मातीतून जातात, आणि माती कोणीतरी उचलून न्यावी लागते. दुसरी गोष्ट अंतराची. पाऊस-वारा रोगाला मुख्यतः जवळपासच्या उतारांवर नेतात. गाडीच्या रॅकवरची सायकल मात्र या रविवारी वेल्समध्ये असते आणि पुढच्या रविवारी स्कॉटलंडमध्ये. एवढी लांब उडी रोगाला स्वतःहून जमत नाही.

अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये चाकांचा हा वाटा फार आधी लक्षात आला. पोर्ट ऑर्फर्ड सीडर हे झाड ओरेगनच्या नैर्ऋत्य आणि कॅलिफोर्नियाच्या वायव्य कोपऱ्यातच निसर्गतः वाढतं. फायटोफ्थोरा लॅटरॅलिस हा त्याचा वैरी १९२३ मध्ये सिअ‍ॅटलजवळच्या नर्सरीत आढळला आणि १९५२ मध्ये झाडाच्या मूळ मुलखात शिरला. पुढे तो कसा पसरला हे नकाशावर पाहिलं तर गोष्ट उघड होती: जंगलातले कच्चे रस्ते, त्या रस्त्यांनी ओढे ओलांडलेल्या जागा, आणि तिथून पाण्याबरोबर खाली. लाकडाच्या ट्रकांनी आणि जीपगाड्यांनी चिखलातून त्याला ओढ्यापर्यंत सोडलं, पुढचं काम पाण्यानं केलं. वनखात्यानं उपाय केला तो अगदी साधा. ओल्या मोसमात फाटकं बंद. कोरड्या मातीतून गाडी गेली तर चाकाला धूळ लागते, चिखलाचे गोळे लागत नाहीत. ज्यांनी रोगावर औषधं शोधण्यात हयात घालवली त्यांच्या कामाच्या तुलनेत हे कुलूप फारच गावठी दिसतं, पण रोगाच्या स्वभावाला ओळखून लावलेलं आहे.

पश्चिम ऑस्ट्रेलियात गोष्ट आणखी पुढे गेलेली आहे. तिथला आरोपी फायटोफ्थोरा सिनॅमोमी. १९२२ मध्ये सुमात्रात दालचिनीच्या झाडांवर तो प्रथम ओळखला गेला. ऑस्ट्रेलियात जाराह नावाचे निलगिरीच्या जातकुळीतले वृक्ष कित्येक दशकं गूढपणे मरत होते. त्याचं कारण हाच जीव असल्याचं १९६० च्या दशकात फ्रँक पॉजर यांनी दाखवून दिलं. त्या भागातल्या मूळच्या वनस्पतींपैकी ४० टक्क्यांहून अधिक जाती त्याला बळी पडू शकतात. बँक्सिया हे त्यांतलंच एक झाड. त्याची फुलं गेली की त्यांच्या मकरंदावर जगणारा हनी पॉसम हा इवलासा प्राणीही अडचणीत येतो. चढाच्या बाजूला हा रोग मुळांच्या स्पर्शातून वर्षाला साधारण एक मीटर सरकतो. म्हणजे टेकडीच्या पायथ्याची लागण शंभर मीटर वरच्या झाडापर्यंत स्वतःच्या पायांनी जायची तर शतक लागेल. रेव टाकायला आलेला ट्रक किंवा चिखलातून आलेलं टायर तेच काम एका दुपारी करतं. मुंडारिंगपासून ऑल्बनीपर्यंत हजार किलोमीटरहून लांब पसरलेली मुंडा बिड्डी ही सायकलवाट याच जाराहच्या जंगलातून जाते, त्यामुळे तिथल्या सायकलस्वाराला 'डायबॅक' (या मरीचं तिथलं नाव) म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही.

याच जीवानं ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडे एक फार जपलेली जागा गाठली. सिडनीच्या वायव्येला एका खोल घळीत १९९४ मध्ये डेव्हिड नोबल यांना वोलेमाय पाइन सापडला. तोवर त्याचे अगदी जवळचे नातलग जीवाश्मांतच माहीत होते. रानातल्या मोठ्या झाडांची संख्या शंभराच्या आत. जागा गुप्त ठेवली. तरीही २००५ मध्ये तिथल्या मातीत सिनॅमोमी निघाला, बहुधा परवानगी न घेता हौसेनं जाऊन आलेल्या कुणाच्या तरी बुटांबरोबर.

न्यूझीलंडमध्ये याच घराण्यातल्या आणखी एका जीवामुळे आलेल्या कौरी वृक्षाच्या मरीनं तर जंगलंच बंद करायची वेळ आणली. कौरी हजार-हजार वर्षं जगतो, पण त्याची अन्न घेणारी बारीक मुळं जमिनीच्या अगदी वरच्या थरात पसरलेली असतात, नेमकी जिथे बूट आणि चाकं पडतात. ऑकलंडजवळच्या वायटाकेरे डोंगरांत लागण झालेल्या कौरींचं प्रमाण पाच वर्षांत ८ टक्क्यांवरून १९ टक्क्यांवर गेल्याचं २०१७ च्या अहवालात दिसलं, आणि लागणीचे पट्टे पायवाटांच्या आसपास दाटलेले होते. तिथल्या ते कावेराउ आ माकी या माओरी जमातीनं डिसेंबर २०१७ मध्ये जंगलावर राहुई, म्हणजे प्रवेशबंदी जाहीर केली. नगरपरिषदेला बंदी घालायला १ मे २०१८ उजाडला. नंतर वाटा खडी आणि लाकडी फळ्या घालून मुळांपासून वेगळ्या केल्या आणि टप्प्याटप्प्यानं उघडल्या. आज तिथे जंगलाच्या तोंडाशी ब्रशचं आणि जंतुनाशकाच्या फवाऱ्याचं ठाणं ओलांडूनच आत जावं लागतं.

या ठाण्यावर क्रम ठरलेला असतो: आधी ब्रश, मग फवारा. घाईतला माणूस ब्रश टाळतो, बुटावर फवारा मारतो आणि कर्तव्य झालं म्हणून पुढे जातो. गोची इथेच आहे. जंतुनाशक मातीच्या गोळ्याच्या आत शिरत नाही आणि मातीतल्या सेंद्रिय कचऱ्याशी झटापट करण्यातच त्याचा जोर संपतो. जाड भिंतीच्या बीजाणूंच्या बाबतीत तर त्याचा भरवसाच नाही. माती काढली की बीजाणू मातीबरोबर तिथेच राहतात, जिथले ते आहेत. म्हणून खरं हत्यार ब्रश. फवारा हा त्यानंतरचा सोपस्कार.

सायकलवर माती कुठे लपते हे एकदा नीट पाहण्यासारखं आहे. टायरच्या उंच दात्यांमधली सगळ्यांना दिसते. फोर्कच्या कमानीखाली, टायर आणि फोर्कच्या मधल्या फटीत, तिचा दाबून बसलेला थर असतो. क्रँकच्या मागे, जिथे मागचे दांडे फ्रेमला येऊन मिळतात, तिथे एक खळगा असतो. त्यात पाला, काटक्या आणि माती यांचा अक्षरशः केक झालेला असतो. पेडलच्या जाळीत, डिरेलरच्या छोट्या चाकांवर, सीटच्या खालच्या बाजूला, पाण्याच्या बाटलीच्या बुडाशी. बुटाच्या तळव्याला क्लीट असेल तर तिच्या स्क्रूंभोवती. गुडघ्याच्या पॅडवर. आणि गाडीच्या डिकीतल्या चटईवर, जी वर्षभर कुणी झटकत नाही. रॅमोरमच्या बाबतीत माती एवढाच धोका नाही, कारण तो पानांवर वाढतो. मरिनच्या जंगलातलं बे लॉरेल हे झाड आपल्या तमालपत्राच्या कुळातलं. ते स्वतः मरत नाही, पण त्याच्या पानांवर बीजाणूंचं पीक येतं. चेनमध्ये अडकलेलं असं एक ओलं पान पुरेसं आहे.

काम पाच मिनिटांचं आहे. वाट संपते तिथेच, गाडीत चढवण्याआधी, सायकल दोनदा जमिनीवर आपटून सुटे गोळे पाडायचे. खळग्यांतली माती काडीनं उकरायची. मग खरखरीत ब्रश, आणि नंतर बाटलीभर पाणी. वाटेच्या तोंडाशी सायकल धुण्याची सोय असेल तर तीच वापरायची. हे पाणी ओढ्यात जाता कामा नये, ओरेगनच्या सीडरचं काय झालं ते वर आलंच आहे. प्रेशरच्या पाण्याचा मोह आवरावा. त्यानं माती उडून भलतीकडे जाते आणि बेअरिंगमधलं ग्रीसही. सायकल स्वच्छ झाल्यावर ७० टक्के स्पिरिटचा फवारा टायर, पेडल आणि बुटांच्या तळव्यांवर मारता येतो. शेवटी सगळं खडखडीत वाळवायचं. पोहणाऱ्या बीजाणूंना कोरडेपणा मानवत नाही.

ब्रिटनच्या वनखात्याची 'कीप इट क्लीन' मोहीम याच्या दुसऱ्या अंगावर भर देते, आणि ते अंग जास्त दुर्लक्षित आहे: येतानाच स्वच्छ यावं. शर्यतीनंतर सगळेच सायकल धुतात, कारण ती घाण दिसते. पण मोठ्या शर्यतीला चारही दिशांनी शेकडो सायकली येतात, त्यांच्या खळग्यांत गेल्या चार जंगलांची माती वाळून बसलेली असते, आणि ती तपासायला सुरुवातीच्या रेषेवर कोणी नसतं. आयोजकांनी धुण्याचा पाइप शेवटच्या रेषेवरून उचलून वाहनतळाजवळ आणला तर बराच फरक पडेल. एकाच दिवशी दोन जंगलांत जायचं असेल तर निरोगी जंगल आधी, लागण झालेलं नंतर. पाऊस झोडपत असेल त्या दिवशी खडी टाकलेली वाट निवडावी.

वाटेवर चालवण्याचीही रीत आहे. डबकं चुकवायला बाजूच्या गवतातून जाणारा पहिला सायकलस्वार एक टायरभर नवी वाट पाडतो. विसाव्या सायकलस्वारानंतर तिथे दुसरं डबकं होतं आणि सोललेली मुळं उघडी पडतात. ब्रेक दाबून मागचं चाक फरपटत नेलं की तेच होतं. रात्री फावडी घेऊन जाऊन गुपचूप नव्या वाटा खोदणारी मंडळी तर निरोगी जमिनीत रोगासाठी रस्ताच बांधून देतात. त्यांचं कौशल्य वादातीत असेलही, पण वनखात्याच्या नकाशावर नसलेल्या वाटेला ना ब्रश मिळतो, ना पाटी, ना बंदी.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात, ऑकलंडमध्ये, पर्थमध्ये, ब्रिटनमध्ये आज मराठी घरं पुष्कळ आहेत आणि शनिवार-रविवारी सायकल घेऊन रानात जाणारी मुलंही त्यांत आहेत. त्यांनी निघण्याआधी त्या जंगलाच्या व्यवस्थापनाच्या संकेतस्थळावर कुठली वाट बंद आहे ते पाहावं. ब्रिटनमध्ये एखाद्या झाडाचा माथा अवेळी तांबूस दिसला किंवा खोडातून रस गळताना दिसला तर फोटो काढून वनखात्याच्या 'ट्रीअलर्ट' सेवेला कळवावं. आणि वाट बंद असल्याची पाटी दिसली तर सायकल खांद्यावर उचलून तिच्या बाजूनं आत जाऊ नये. ती पाटी लागली आहे याचा अर्थ पलीकडची माती तपासून झाली आहे आणि तिच्यात काहीतरी सापडलं आहे, किंवा ती अजून स्वच्छ आहे आणि तशीच ठेवायची आहे.